तीन सूत

प्राध्यापक वीरक्कोडींनी खिशातली पेन्सिल काढली आणि खुर्चीच्या पाठीतल्या दोन पट्ट्यांमधून ती सहज आरपार घातली. पलीकडून ती अर्धी बाहेर आली. दुसऱ्या विद्यापीठातून ते वर्षातून एकदाच परीक्षक म्हणून येत, आणि मुलं म्हणत की हा माणूस तोंड उघडण्याआधी काहीतरी कशात तरी खुपसून बघतोच. "ही फट एवढी का सोडलीस?" त्यांनी विचारलं. रुविनी त्या पेन्सिलीकडे बघत राहिली. तिच्या चित्रातल्या फटीतून वहीचा पुठ्ठा जेमतेम गेला असता. तीन मिलिमीटर. समोरची फट साडेनऊची होती, आणि ती का सोडली हे तिला सांगता येण्यासारखं नव्हतं, कारण ती तिने सोडलीच नव्हती.

"घामासाठी, सर," ती म्हणाली. आपला आवाज इतका गुळगुळीत कसा निघाला याचं तिला थोडं नवल वाटलं, पण तो पुढे चालूच राहिला. "सरकारी दवाखान्यात माणूस दोन-दोन तास बसून असतो. पाठ टेकली की सदरा चिकटतो. मग तो पुढे सरकून बसतो, आणि घरी जाताना मूळ दुखण्याच्या जोडीला कंबर घेऊन जातो. वारा जायला हवा." यातलं अक्षरही खोटं नव्हतं. सहा महिने तिने दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लोकांच्या पाठी पाहिल्या होत्या, टिपणांच्या चार वह्या भरल्या होत्या, आणि एवढं करून घरी येऊन तेरा पट्ट्यांची बंद पाठ काढली होती. "तेरा पट्ट्या बसल्या असत्या, पण ती भिंत झाली असती. अकरा पट्ट्यांची पाठ श्वास घेते." श्वास घेणं हे डिझाइन विभागाच्या त्या इमारतीत फार चालणारं नाणं होतं. तिथे चार वर्षं दिवे, किटल्या, पिशव्या, सगळंच श्वास घेत आलं होतं. वीरक्कोडी खुर्चीत बसले, पाठ टेकली, डोळे मिटले. खोलीतल्या बाकीच्यांनी आपापल्या कागदांत बघितलं. "उठावंसं वाटत नाही," ते डोळे न उघडताच म्हणाले. "दवाखान्याला ही खुर्ची परवडायची नाही. लोक बरे झाले तरी जायचे नाहीत." सगळे हसले. रुविनीची मार्गदर्शक अबेनायके मिस जरा जास्तच हसली, कारण तिचाही जीव टांगणीला होता. रुविनीही हसली. हसताना तिला स्वतःचे दात कोरडे लागले.

त्या खुर्चीची पाठ तिने स्वतःही त्या सकाळीच पहिल्यांदा पाहिली होती. पाय आणि बैठक आठवड्यापूर्वी झाली होती. पाठ राहिली होती, आणि तात्तांनी, तिच्या वडिलांनी, रात्री सरस वाळवून सकाळी खुर्ची जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षाने पाठवून दिली. परीक्षेच्या दालनात तिने चादर सोडली तेव्हा पावणेनऊ वाजले होते आणि तिचा नंबर सव्वानऊचा होता. प्रथम तिला वाटलं, भलत्याच कुणाची खुर्ची आली. मग बैठकीच्या कडेची, लाकडातली ओळखीची गाठ दिसली. तिने फोन लावला. "तात्ता, फट किती ठेवलीत?" "तीन. लिहिली होतीस तेवढी." "तीन काय?" "काय म्हणजे? सूत." "मिलिमीटर होते ते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पलीकडे ते काही म्हणाले असतील तर तिने ऐकलं नाही. बापाशी असा फोन आपण याआधी कधी ठेवला नव्हता, हे तिला फोन खिशात घालताना जाणवलं, पण जाणवण्याला त्या वेळी फारसा वेळ नव्हता.

तिची चित्रं संगणकातून मिलिमीटरमध्ये छापून येत. तात्ता, म्हणजे सुतारांच्या मोरटुवा गावातले आन्स्लेम बास (तिकडे जाणत्या सुताराला बास म्हणतात, आणि मग बायकोपोरांखेरीज कुणी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारत नाही), इंच आणि सूत यांच्यापलीकडे कुणाला ओळखत नसत. आठ सुतांचा इंच, बारा इंचांचा फूट, आणि त्यापुढे जे असेल ते डोळ्याने. म्हणून पहिल्या वर्षापासून दोघांत एक रीत पडून गेली होती. छापलेला आकडा विद्यापीठाचा, आणि त्याच्या शेजारी रुविनीने पेन्सिलीने लिहिलेला आकडा तात्तांचा. छापलेल्या आकड्यांकडे ते बघतही नसत. गेल्या आठवड्यात अबेनायके मिसने फट कमी करायला लावली, तेव्हा नवा कागद छापायला वेळ नव्हता. रुविनीने जुना आकडा खोडून पेन्सिलीने नुसता तीन लिहिला, आणि तो लिहिताना ती विद्यापीठात बसलेली होती, तात्तांच्या कामाच्या शेडमध्ये नव्हती. एवढंच झालं होतं. जगात याहून लहान चूक करायची म्हटली तर जमणं कठीण. परीक्षेनंतर घरी जाताना बसमध्ये, खिडकीशी, कानठळ्या बसवणाऱ्या गाण्याखाली बसून ती या चुकीचा पुन्हा पुन्हा विचार करत होती, आणि प्रत्येक खेपेला ती चूक थोडी थोडी तिच्याकडे सरकत होती. पेन्सिलीचा आकडा सुताचा, हे तिला माहीत होतं. ती विसरली. म्हणजे चूक तिची. आणि चूक तिची, तर फट तिचीच की. हा हिशेब इतका सरळ होता की तो कुणाला तरी मोठ्याने सांगावा असं तिला वाटलं, आणि कुणाला सांगावा ते सुचेना.

दालनातून बाहेर पडल्यावर मिसने तिला जिन्याखाली गाठलं होतं. "हे बघ, मी काही बोललेली नाही. पण पहिला वर्ग समज. वीरक्कोडी तीन वर्षांत कुणाच्या खुर्चीत बसलेले नाहीत." मग आवाज खाली आणून, "विभागात जागा निघते आहे. पहिला वर्ग असला तर शिकवायला तुलाच घेतील. फक्त चित्र दुरुस्त करून पाठव, त्यात अजून तीन दिसतात. साडेनऊ कर. उद्या दुपारपर्यंत, प्रतिज्ञापत्रासकट. आणि मला आधी का नाही सांगितलंस फट वाढवते आहेस म्हणून?" "शेवटी सुचलं, मिस." "सुचतं शेवटीच," मिस म्हणाली आणि तिच्या खांद्यावर थोपटून पुढच्या मुलाकडे गेली. पुढचा मुलगा तिवंका होता, त्याचा दिवा सकाळपासून लागत नव्हता. "काय बास," तो म्हणाला, "मारलंस म्हणे मैदान." बास हे तिचं नाव पहिल्या वर्षी वरच्या वर्गातल्या मुलांनी ठेवलं होतं. नव्या मुलांना रांगेत उभं करून बापाचा धंदा विचारायचा आणि त्यावरून नाव ठेवायचं, अशी तिथली पद्धत. डॉक्टरच्या मुलाचं नाव सुई पडलं, बँकेतल्याच्या मुलीचं कुलूप. तिने सुतार म्हटल्यावर मात्र त्यांनी फार डोकं चालवलं नाही. तिला तेव्हा रडू आलं होतं आणि ते का आलं हे तिला आजही नीट सांगता आलं नसतं, कारण घरच्या गल्लीत बास म्हटलं की लोक बाकावर सरकून जागा देत.

तिच्या चार वर्षांच्या पदवीला त्यांच्या भाषेत गौरव उपाधी म्हणत. तीन वर्षांची ती नुसती उपाधी, चौथं वर्ष करून प्रबंध लिहिला, वस्तू बनवली आणि परीक्षकापुढे उभं राहिलं, की गौरव. तात्ता गल्लीत सांगत, पोरगी गौरव शिकते आहे. अम्माला हे ऐकून हसू येई. "सांभाळून आण गं बसमधून," ती रोज सकाळी म्हणे, "कुठे सांडेल तुझा गौरव." रुविनीच्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावर आभार होते, आणि त्यात विभागाने ठरवून दिलेल्या नमुन्याप्रमाणे एक ओळ होती: निर्मितीसाठी साहाय्य, स्थानिक कारागीर. सगळेच तसं लिहीत. तिवंकाचा दिवा ज्याने ओतला तो स्थानिक कारागीर होता, कुणाची पिशवी जिने विणली ती स्थानिक कारागीर होती. ती ओळ टंकताना रुविनीला काहीही वाटलं नव्हतं. हे आता तिला आठवलं, काहीही न वाटणं स्पष्ट आठवलं, आणि त्या नादात तिचा उतरायचा थांबा मागे पडला.

लहानपणी तिचा अभ्यास शेडमध्येच होई. फणसाच्या लाकडाचा पिवळा भुसा वहीत, केसांत, पावात. तात्ता रंध्यापाठीमागे चालत आणि ती पाढे म्हणे. त्यांनी केलेली कपाटं, टेबलं आठवड्याला गाडीतून हमरस्त्यावरच्या दुकानात जात, तिथे त्यांच्या पाठीवर दुकानाच्या नावाची पितळी पट्टी ठोकली जाई, आणि मग ती कुणाच्या तरी घरी त्या नावाची होऊन राहत. एकदा शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी रुविनीने तसलं कपाट ओळखलं होतं. खणाच्या आतल्या बाजूला हात घालून तिने खात्री केली, आतला कोपरा गोल घासलेला होता. मैत्रिणीच्या आईने विचारलं, "काय शोधतेस?" "काही नाही," ती म्हणाली. घरी येऊन तिने तात्तांना सांगितलं. "नीट उघडत होता ना खण?" त्यांनी विचारलं. बस्स. त्यांना त्याचं काही वाटतच नाही, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि असं ठरवलेलं फार सोयीचं असतं.

घरी पोचली तेव्हा पाच वाजायला आले होते. अम्मा पायरीवर बसून नारळ खवत होती. "ये गं. तुझा बाप सकाळपासून जेवलेला नाही. माझ्या कपाटाचं दार काढून नेलंय. विचारलं तर म्हणतो, तेवढंच जुनं लाकूड हवं, रंग जुळायला." "कशाला?" "मला काय विचारतेस? तुम्हा दोघांचं गौरव प्रकरण. माझ्या साड्या मात्र उघड्यावर आल्या." रुविनी चप्पल न काढता मागे शेडकडे गेली.

तात्ता बाकाशी वाकले होते. बाकावर शिकंज्यात आवळलेली एक नवी पाठ होती. "हात लावू नकोस, सरस ओला आहे," ते मान वर न करता म्हणाले. "शेजारच्या एडमंडकडून फूटपट्टी आणली. तिच्या दुसऱ्या कडेला तुझे मिलिमीटर असतात. आजपर्यंत मला वाटायचं ती कड नुसती शोभेला आहे." त्यांनी फडक्याने एक थेंब टिपला. "मोजून घे हवं तर. तेरा पट्ट्या, तीन तीन मिलिमीटर. आता तुझ्या चित्रासारखं झालं."

तिने मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. ती पाठ तिच्या चित्राबरहुकूम होती, कुठे केसाचा फरक नव्हता. सगळे सांधे बंद, सगळ्या कडा जिथल्या तिथे. आणि ती पाठ मुकी होती. जड, चोख, कुणाला मागे टेकावंसं वाटू नये अशी. अशी खुर्ची दवाखान्यात ठेवली असती तर लोक पुढे सरकून बसले असते. चार वर्षांत तिला इतक्या स्पष्टपणे कुणी नापास केलं नव्हतं, आणि तेही इतक्या मायेने. तिला एकदम थकवा आला. ती ओंडक्यावर बसली.

"काय विचारलं साहेबांनी?" तात्तांनी विचारलं. आता ते उभे राहिले होते, आणि फडकं हातातल्या हातात पिळत होते. त्यांनी हा प्रश्न सकाळपासून गिळून धरला असणार हे तिला दिसलं.

"फट का सोडली विचारलं."

"मग? बापाला आकडा कळला नाही म्हणून सांगितलंस?"

"नाही. मुद्दाम सोडली म्हटलं."

तात्ता तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, दिवसभराचं. "मर्लिन," त्यांनी घराकडे तोंड करून हाक दिली, "ऐकलंस का? पोरीनं माझी चूक पोटात घातली."

"मग त्यावर भातही घालू दे म्हणावं," अम्मा पायरीवरून म्हणाली. "दोघांनी या."

"चारचौघांत बापाला उघडं पाडलं नाहीस," तात्ता हलक्या आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायला त्यांनी शिकंजा उगीचच आणखी अर्धा फेरा आवळला. "उद्या सकाळी मी येतो तुझ्याबरोबर. जुनी काढून ही बसवायला दहा मिनिटं लागतील. साहेब पुन्हा बघतील ना?"

इथे गप्प बसता आलं असतं. काहीतरी सांगून त्यांचं उद्याचं येणं टाळता आलं असतं, परीक्षा झाली, आता गरज नाही, एवढं पुरलं असतं. आणि ते आयुष्यभर गल्लीत सांगत राहिले असते की पोरीने चूक पोटात घातली. रुविनीला हे सगळं एका नजरेत दिसलं, आणि त्यात आपलं काहीही जात नाही हेही दिसलं. तिला स्वतःची किळस आली. ती फार मोठी नव्हती, सदरा पाठीला चिकटल्यावर येते तेवढी.

"तात्ता, ही बसवायची नाही," ती म्हणाली. "त्यांना ती पहिलीच आवडली. ती फट. साहेब डोळे मिटून बसले तिच्यात. पहिला वर्ग देताहेत तो त्या फटीलाच. आणि ती मला सुचली असं मी सांगितलं."

पलीकडे कुणाच्या तरी शेडमध्ये करवत चालू होती, ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली. तात्तांनी बाकावरच्या पाठीकडे पाहिलं, मान थोडी कलती करून, एक डोळा बारीक करून, जसं ते दुसऱ्याच्या कामाकडे बघत.

"ही बंद झाली आहे," ते म्हणाले.

"हो."

"दोन पट्ट्या उरल्या होत्या परवा. तेरा सांगितल्या होत्यास, बसल्या अकरा. तेव्हाच कळायला हवं होतं, काहीतरी चुकतंय."

"चूक माझी होती. मी नुसता तीन लिहिला."

"विचारता आलं असतं मला. फोन होता हाताशी." त्यांनी फडकं बाकावर टाकलं. "लावून बघितली, लांब जाऊन उभा राहिलो. बरी दिसली. म्हणून नाही विचारलं."

रुविनीने वर पाहिलं. हे तिच्या हिशेबात कुठेच नव्हतं. बसमध्ये तिने चूक दोघांत वाटून पाहिली होती, सगळी स्वतःकडे ओढून पाहिली होती, पण त्या शेडमध्ये परवा कुणीतरी लांब जाऊन उभं राहिलं होतं, कलत्या मानेने बघितलं होतं आणि ठरवलं होतं, ही शक्यताच तिच्या मनाला शिवली नव्हती. तिला याच गोष्टीसाठी चार वर्षं शिकवलं होतं, लांब जाऊन उभं राहायला.

"चित्र दुरुस्त करून मागितलंय उद्या," ती म्हणाली. "आणि सही करायची आहे. सगळं काम माझं, जे दुसऱ्याचं त्याचं नाव दिलंय, असं. फट तुमची म्हणून लिहिलं तर पहिला वर्ग बहुधा जाईल."

"आणि नोकरी?"

"तीही."

तात्ता स्टुलावर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी बोटांकडे पाहिलं. नको लिहूस, जाऊ दे, बापाचं काय, असं ते म्हणतील याची ती वाट बघत होती. ते तसं म्हणणारेच होते, असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं, आणि आपण त्याची वाट बघतो आहोत हे तिला लख्ख कळत होतं.

"तुझं तू बघ," ते म्हणाले. "तुझी परीक्षा आहे. मी लिही म्हणत नाही, लिहू नकोसही म्हणत नाही. पण पोरी, एवढी कपाटं केली, एकावरही नाव नाही. त्याचं काही नाही, धंदाच तसा आहे. ही चूक मात्र माझी आहे. ती तरी माझ्या नावावर राहू दे."

हे ते चिडून म्हणाले नाहीत, रडूनही नाही. लाकूड कोणत्या बाजूने कापायचं ते सांगावं तसं सांगितलं, आणि ते उठून शिकंजा सैल करू लागले.

रुविनीने पिशवीतून संगणक काढला, ओंडक्यावरच मांडीवर घेऊन उघडला. चित्र समोर आलं. तीनाचे साडेनऊ केले. मग आभाराचं पान काढलं, स्थानिक कारागीर हे शब्द पुसले, आणि लिहू लागली की पाठीतल्या पट्ट्यांमधलं अंतर ठरवलं ते. तिथे ती अडली. आजवर शाळेच्या, विद्यापीठाच्या प्रत्येक अर्जात तिने वडिलांचं नाव आद्याक्षरांत लिहिलं होतं, सगळे लिहितात तसं, के. ए. सालगादो. पुरं नाव लिहायची वेळ कधी आलीच नव्हती.

"तात्ता, तुमचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं? एसनंतर आधी ई येतो की एल?"

"ज्या संतावरून ठेवलं त्याच्या नावात ई येतो," तात्ता म्हणाले. "माझ्या जन्माच्या दाखल्यावर कारकुनाने एल आधी टाकला. चूकच आहे ती." त्यांनी शिकंजा काढून भिंतीला टांगला. "तसंच लिही."